नार्नियाचा नवा चित्रपट आणि १९०८ मधील एक मृत्यू

१/
नार्नियाच्या कथामालेवर पुन्हा एकदा चित्रपट येऊ घातला आहे. ‘लेडी बर्ड’ (२०१७), ‘लिटल विमेन’ (२०१९) आणि ‘बार्बी’ (२०२३) या चित्रपटांच्या दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांच्याकडे या वेळी सूत्रे आहेत. मात्र त्यांनी आरंभासाठी निवडलेले पुस्तक कपाटातून बर्फाळ प्रदेशात जाणाऱ्या चार भावंडांचे नाही. ते आहे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, म्हणजेच ‘जादूगाराचा भाचा’. या पुस्तकावर आजवर एकही चित्रपट झालेला नाही.

२/
सिंह, चेटकीण, बोलणारे प्राणी यांची चर्चा चित्रपटाआधी होणारच. परंतु या पुस्तकाच्या मुळाशी एक अगदी साधी आणि जुनी गोष्ट आहे. बेलफास्टमधील एका घरात १९०८ साली एक आई कर्करोगाने गेली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने सत्तेचाळीस वर्षांनी एक कथा प्रसिद्ध केली, आणि त्या कथेतल्या मुलाची आई वाचली. या दोन घटनांमधला इतिहास जाणून घेतला, तर नव्या चित्रपटाकडे काय पाहण्यासाठी जायचे हेही स्पष्ट होते.

३/
क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्टमध्ये झाला. घरात त्यांना ‘जॅक’ म्हणत. वडील आल्बर्ट वकिली करत. आई फ्लोरा ही त्या काळात दुर्मीळ असे उच्च शिक्षण घेतलेली स्त्री होती. गणित आणि तर्कशास्त्र हे तिचे विषय. थोरला भाऊ वॉरन हा जॅकचा जिवलग सोबती. १९०५ साली हे कुटुंब ‘लिटल ली’ नावाच्या प्रशस्त घरात राहायला गेले. लांबलचक बोळ, माळ्यावरच्या रिकाम्या खोल्या आणि जिकडेतिकडे पुस्तके, असे ते घर होते.

४/
१९०८ च्या आरंभी फ्लोराला कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया घरातच झाली. लुईस यांनी आपल्या ‘सरप्राइज्ड बाय जॉय’ (१९५५) या आत्मचरित्रात त्या दिवसांतली एक रात्र नोंदवली आहे. दात आणि डोके दुखत असल्यामुळे मूल रडत होते, आईची वाट पाहत होते, आणि आई येत नव्हती. तिच्या खोलीत डॉक्टरांची ये-जा चालली होती, दारे उघडत-मिटत होती. अखेर वडील आले आणि त्यांनी मुलाला खरे काय ते सांगण्याचा प्रयत्न केला.

५/
मुलाने प्रार्थना केली. आई बरी होईल असा त्याने मनाशी ठाम विश्वास धरला. २३ ऑगस्ट १९०८ रोजी, वडिलांच्या वाढदिवशीच, फ्लोराचे निधन झाले. पुढे प्रौढपणी त्या प्रार्थनेकडे वळून पाहताना लुईस यांनी एक मार्मिक गोष्ट लिहिली: त्या वेळी आपल्या मनातला देव हा केवळ एक जादूगार होता. त्याच्याविषयी ना प्रेम होते, ना धाक. त्याने यावे, काम करावे आणि निघून जावे, एवढीच त्या मुलाची अपेक्षा होती.

६/
‘जादूगार’ हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. आत्मचरित्र आणि ‘जादूगाराचा भाचा’ ही दोन्ही पुस्तके एकाच वर्षी, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकात लेखकाने स्वतःच्या आईच्या मृत्यूची हकिगत सरळ सांगितली. दुसऱ्यात तीच हकिगत बालकथेच्या रूपाने नव्याने मांडली. आईच्या निधनानंतर काही आठवड्यांतच जॅकला समुद्रापलीकडे इंग्लंडमधील निवासी शाळेत धाडण्यात आले होते. म्हणजे आई आणि घर, दोन्ही एकाच ऋतूत सुटले.

७/
आता कथेकडे. काळ साधारण १९०० सालचा, स्थळ लंडन. डिगरी कर्क नावाचा मुलगा खेड्यातून शहरात आणला गेला आहे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि ती जगेल अशी कोणालाच आशा नाही. वडील जवळ नाहीत. घरात लेटी मावशी आणि अँड्र्यू मामा. या मामाला जादूचे प्रयोग करण्याचा नाद आहे. शेजारच्या पॉली प्लमर या मुलीवर तो आपल्या जादूच्या अंगठीचा प्रयोग करतो आणि ती डोळ्यांदेखत नाहीशी होते.

८/
येथे मराठीने एक काम सोपे केले आहे. इंग्रजीत ‘अंकल’ आणि ‘नेफ्यू’ या शब्दांवरून नाते आईकडचे की वडिलांकडचे, हे कळत नाही. मराठीत ते ठरवूनच बोलावे लागते. अँड्र्यू हा आईचा भाऊ, म्हणून मामा. डिगरी त्याचा भाचा. सख्खी बहीण वरच्या खोलीत मृत्यूशी झुंजत असताना भाऊ माळ्यावर अंगठ्या घडवतो आहे, हा तपशील ‘मामा’ या एका शब्दाने अधिकच बोचू लागतो. मराठी वाचकाच्या मनातला लाड करणारा मामा येथे नाही.

९/
पॉलीच्या शोधात डिगरी निघतो. पिवळ्या आणि हिरव्या अंगठ्यांच्या साहाय्याने दोघे अनेक जगांमधल्या एका निःशब्द अरण्यात पोहोचतात. तेथून ती चार्न नावाच्या मृत नगरीत जातात. ‘वाजवू नकोस’ असे पॉली सांगत असताना डिगरी तेथली घंटा वाजवतो आणि जेडिस राणी निद्रेतून जागी होते. तिने सत्तेसाठी एक निषिद्ध शब्द उच्चारून आपल्या जगातले सर्व जीव मारून टाकलेले असतात. हीच पुढे नार्नियाची श्वेत चेटकीण होते.

१०/
तो निषिद्ध शब्द वाचताना पुस्तकाचे प्रकाशनवर्ष विसरून चालत नाही. हिरोशिमा आणि नागासाकीवरील अणुबाँबला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. कथेच्या अखेरीस अस्लान हा सिंह मुलांना बजावतो की त्यांच्याही जगात कोणीतरी असेच संहारक गुपित शोधून काढण्याचा संभव आहे. कथा १९०० सालची. परंतु तिच्यातली भीती १९५५ सालची आहे. बालसाहित्यातला काळ असा अनेकदा दुपदरी असतो: कथा घडते तो एक, आणि लिहिली जाते तो दुसरा.

११/
पुढे एका रिकाम्या अंधारात अस्लान गात गात नार्निया निर्माण करतो. डिगरीच्या मनात मात्र एकच विचार आहे: या भूमीतून आईसाठी काही औषध मिळेल का? अस्लान त्याला दूरच्या बागेतले एक सफरचंद आणण्यास सांगतो. बागेत जेडिस आधीच पोहोचलेली असते. ती डिगरीला सुचवते की फळ सिंहाला देऊ नकोस. ते घे, घरी जा आणि आईला वाचव. संपूर्ण कथामालेत याहून कठीण प्रसंग सापडणे अवघड आहे.

१२/
कारण जेडिसचा युक्तिवाद दुष्ट वाटत नाही. आजारी आईसाठी मुलाने एक फळ उचलले, तर त्यात पाप ते काय? डिगरी तरीही ते फळ अस्लानकडे नेतो. आई आता जाणार, हे मनोमन मान्य करून नेतो. ते फळ जमिनीत रुजते, त्याचे झाड होते, आणि मग त्या झाडाचे एक सफरचंद अस्लान स्वतःहून डिगरीच्या हाती देतो. ते खाऊन आई बरी होते. बेलफास्टमधल्या मुलाच्या प्रार्थनेला जे उत्तर मिळाले नव्हते, ते येथे मिळाले.

१३/
ही कथा लुईस यांना सहज लिहिता आली नाही. पहिले पुस्तक ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ऑक्टोबर १९५० मध्ये आले. त्यानंतर १९५६ पर्यंत दरवर्षी एक, अशी सात पुस्तके प्रसिद्ध झाली. नार्नियाच्या उगमाची कथा लिहिण्यास त्यांनी १९४९ च्या सुमारासच हात घातला होता; पण ती मध्येच थांबली. प्रकाशनक्रमात ती सहावी असली, तरी लिहून पूर्ण झाली ती सर्वांत शेवटी, १९५४ मध्ये.

१४/
तिच्या जडणघडणीवर जुन्या वाचनाचाही ठसा आहे. लुईस लहानपणी ई. नेस्बिट यांच्या कथा आवडीने वाचत. नेस्बिट यांच्या ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’ (१९०६) मध्ये वडील युद्धाच्या बातम्या पाठवण्यासाठी मंचुरियाला गेलेले आहेत आणि आई आजारातून सावरण्यासाठी मदेराला. त्यातच बॅबिलोनची राणी एकाएकी लंडनमध्ये अवतरते आणि गोंधळ उडवून देते. ‘जादूगाराचा भाचा’मधली जेडिसची लंडनफेरी वाचताना या प्रसंगाची आठवण हटकून होते.

१५/
आता एक प्रश्न: डिगरीचे वडील होते कुठे? ते होते भारतात. पुस्तकात याचा उल्लेख अगदी ओझरता येतो. पण त्या काळच्या इंग्रज वाचकाला त्याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती. ब्रिटिश अंमलदार, सैनिक आणि व्यापारी यांनी भारतात राहावे आणि मुलांना लहान वयातच मायदेशी धाडावे, ही साम्राज्यातली रूढ पद्धत होती. हवामान, रोगराई आणि शिक्षण ही तिची कारणे सांगितली जात. तिची किंमत मात्र मुले चुकवत.

१६/
याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवत. १८७१ मध्ये, सहावे वर्ष पुरे होण्याआधीच, रुडयार्डला धाकट्या बहिणीसह इंग्लंडमधील साउथसी येथे परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. सुमारे सहा वर्षे तो तेथे राहिला. त्या दिवसांचे दुःख आणि अपमान त्यांनी पुढे ‘बा बा, ब्लॅक शीप’ या कथेत मांडले.

१७/
फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’ (१९०५) मधली सारा क्रू हीसुद्धा भारतातून लंडनच्या शाळेत आणलेली मुलगी. तिचे वडील भारतातच मरण पावतात. ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) मधल्या मेरीचे आईवडील भारतात पटकीने जातात आणि ती इंग्लंडला पाठवली जाते. इंग्रजी बालसाहित्यात भारत हा पुष्कळदा असा पडद्यामागचा देश असतो: आईवडिलांना गिळणारा, नाहीतर अचानक संपत्ती देणारा.

१८/
डिगरीच्या वडिलांचेही तसेच होते. कथेच्या शेवटी एक वृद्ध नातलग वारतो, मोठी मालमत्ता मिळते, आणि वडील भारतातली नोकरी सोडून कायमचे घरी परततात. आई बरी, वडील परत, खेड्यात मोठे घर. मुलाच्या दृष्टीने याहून गोड शेवट नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे क्षणभर थांबावे. त्याच वर्षांत तो ‘भारत’ नावाचा पडद्यामागचा देश कोणत्या अवस्थेत होता?

१९/
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षे हटली नाही. पुण्यात प्लेग-निवारणाच्या नावाखाली झालेल्या घरझडत्यांतून २२ जून १८९७ चे रँड प्रकरण घडले. १८९९–१९०० मध्ये पश्चिम आणि मध्य भारतात भीषण दुष्काळ पडला. डिगरी लंडनमध्ये आईच्या खोलीबाहेर रडत होता, त्या काळात मुंबई-पुण्याच्या असंख्य घरांतही मुले अशीच दाराबाहेर उभी होती. कथेला त्यांची खबर नाही, आणि ती असावी असा आग्रहही नाही. पण वाचकाला ती असायला हरकत नाही.

२०/
येथेच नव्या चित्रपटापुढचा पहिला खरा प्रश्न उभा राहतो: कथेचा काळ कोणता ठेवायचा? काळ १९०० चा ठेवला, तर घोडागाड्या, गॅसचे दिवे आणि साम्राज्याच्या नोकरीवर गेलेले वडील हे सारे एकसंध राहते. काळ पुढे, समजा दुसऱ्या महायुद्धानंतर, नेला तर १९४७ आडवे येते. मग वडील दूर असण्याचे कारणच बदलावे लागेल. वेषभूषा बदलण्याइतका हा बदल किरकोळ नाही. मुलाच्या एकटेपणाचे कारण त्यात गुंतलेले आहे.

२१/
रूपांतरातल्या अशा बदलांविषयी लुईस स्वतः काय म्हणत? त्यांच्या ‘ऑन स्टोरीज’ (१९४७) या निबंधात एक उत्तम उदाहरण आहे. रायडर हॅगार्ड यांच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ कादंबरीत नायक मृत राजांच्या सान्निध्यात, खडकातल्या दालनात कोंडले जातात आणि शांतपणे मृत्यूची वाट पाहतात. १९३७ च्या चित्रपटात त्याऐवजी ज्वालामुखीचा उद्रेक आणि भूकंप दाखवण्यात आला. थरार वाढला, असे कोणी म्हणेल. लुईस यांच्या मते कथाच हरवली.

२२/
त्यांचा मुद्दा असा: भीती सगळी एकाच जातीची नसते. कोंडले जाण्याची, थंड आणि निःशब्द मरणाची भीती वेगळी. जमीन फाटण्याची भीती वेगळी. एकीच्या जागी दुसरी ठेवली, तर प्रेक्षकाचे काळीज कदाचित अधिक जोरात धडधडेल, पण मूळ कथेने जे दिले ते त्याला मिळणार नाही. ‘जादूगाराचा भाचा’च्या कोणत्याही दिग्दर्शकासमोर हे मोजमाप ठेवता येते. बागेतला प्रसंग शांत आहे. त्यात लढाई घुसवणे फार सोपे आहे.

२३/
आपल्या पुस्तकांवर चित्रपट व्हावा, असे लुईस यांना वाटत होते का? डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी बीबीसीचे निर्माते लान्स सिव्हकिंग यांना लिहिलेले पत्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. नभोवाणीवरील रूपांतराला त्यांचा विरोध नव्हता. दूरचित्रवाणीला मात्र होता. बोलणारे प्राणी कथनातून डोळ्यांपुढे येतात तेव्हा ते खरे वाटतात. कॅमेऱ्यासमोर ते एकतर हास्यास्पद होतात नाहीतर भयानक, असे त्यांचे म्हणणे होते. सिंहाचे सोंग घेतलेला माणूस अस्लान म्हणून उभा करणे त्यांना ईशनिंदेसारखे वाटत असे.

२४/
व्यंगचित्रपटाबाबत त्यांनी दार थोडे किलकिले ठेवले होते. पण डिस्नेच्या प्रतिभेबरोबर येणारा भडकपणा त्यांना रुचत नव्हता. ‘स्नो व्हाइट’मधले बुटके त्यांना मुळीच आवडले नव्हते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस यांचे निधन झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्यामुळे ही बातमी झाकोळून गेली. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, नार्निया ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आले. त्या मालिकेचे बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत.

२५/
१९७९ मध्ये बिल मेलेंडेझ यांनी सचेतपट केला. त्याला एमी पुरस्कार मिळाला. १९८८ ते १९९० या काळात बीबीसीने चार पुस्तकांच्या मालिका केल्या. त्यातला अस्लान म्हणजे माणसांनी आतून चालवलेला यांत्रिक सिंह होता. लेखकाला जी भीती होती ती अगदीच अनाठायी नव्हती, हे आज ती दृश्ये पाहताना पटते. तरीही त्या पिढीतल्या असंख्य मुलांनी त्या सिंहावर मनापासून विश्वास ठेवला, हेही तितकेच खरे.

२६/
२००५ मध्ये अँड्र्यू अॅडमसन यांच्या चित्रपटात संगणकाने घडवलेला अस्लान आला. आयाळीचा केसन्‌केस हलत होता. आवाज लियाम नीसन यांचा होता. जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलरचा व्यवसाय झाला. विशेष म्हणजे निर्मितीत डिस्नेचाच सहभाग होता! २००८ चा दुसरा चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, डिस्ने बाहेर पडली, २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीसह तिसरा आला आणि मालिका थांबली. या सर्व उपक्रमांचा आरंभ एकाच पुस्तकापासून झाला होता: कपाटाच्या.

२७/
लेखकाची नाखुशी असताना परवानगी दिली कोणी, असा प्रश्न येथे पडतो. हक्कांचे व्यवस्थापन लुईस यांच्या वारसांकडे होते आणि त्यांच्या वतीने डग्लस ग्रेशॅम हे २००५ च्या चित्रपटाचे सहनिर्माते होते. डग्लस म्हणजे लुईस यांचे सावत्र पुत्र. लुईस यांनी १९५६ मध्ये जॉय डेव्हिडमन यांच्याशी विवाह केला. जॉय यांना कर्करोग झाला. काही काळ त्या आश्चर्यकारकरीत्या सावरल्या आणि १३ जुलै १९६० रोजी गेल्या. तेव्हा डग्लस चौदा वर्षांचे होते.

२८/
म्हणजे आईला वाचवणाऱ्या सफरचंदाची कथा प्रसिद्ध झाल्यावर पाचच वर्षांत, लेखकाच्या स्वतःच्या घरात पुन्हा एक आई त्याच रोगाने गेली आणि पुन्हा एक मुलगा मागे राहिला. कथेने वास्तव बदलले नाही. लुईस यांनी त्या शोकावर ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ (१९६१) हे पुस्तक लिहिले. आरंभी ते टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्यात जादू नाही, सिंह नाही. आहे ते केवळ उत्तर न मिळालेल्या माणसाचे प्रामाणिक लेखन.

२९/
२०१८ मध्ये नेटफ्लिक्सने सातही पुस्तकांच्या हक्कांचा करार जाहीर केला आणि पुढे गर्विग यांचे नाव पुढे आले. उगमाची कथा आधी घेण्याच्या त्यांच्या निर्णयामुळे एक जुना वाद पुन्हा जागा झाला आहे: नार्निया वाचावे कोणत्या क्रमाने? १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाने लेखकालाच हे विचारले होते. मुलाला घटनाक्रम हवा होता, त्याच्या आईला प्रकाशनक्रम. लुईस यांनी मुलाच्या बाजूने कौल दिला, पण क्रमाला फारसे महत्त्व नसावे, असेही नमूद केले.

३०/
प्रकाशनक्रमाच्या समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे. प्रथम कपाट उघडावे, बर्फात एकटाच उभा असलेला दिव्याचा खांब पाहून नवल वाटावे, आणि तो तेथे कसा आला हे पाच पुस्तकांनंतर कळावे. उगम आधी सांगितला तर नवल उरत नाही. गर्विग यांनी ‘लिटल विमेन’मध्ये बालपण आणि तारुण्य हे दोन काळ एकमेकांत विणून दाखवले होते. कथेचा क्रम हे त्यांच्यासाठी अर्थ घडवण्याचे साधन आहे, हे त्यावरून दिसते. येथे त्या काय करतात, ही उत्सुकता रास्त आहे.

३१/
आता त्या कपाटाविषयी. डिगरी सफरचंदाचा गाभा घरामागच्या बागेत पुरतो. त्याचे झाड होते. अनेक वर्षांनी ते वादळात कोसळते. तोवर प्राध्यापक झालेला डिगरी ते लाकूड जाळू देत नाही. त्याचे एक कपाट करवून घेतो. महायुद्धाच्या दिवसांत लंडनहून त्याच्या घरी आश्रयाला आलेली चार भावंडे याच कपाटातून नार्नियात जातात. म्हणजे १९५० च्या पुस्तकातले ते प्रसिद्ध कपाट, १९५५ मध्ये आईला जीवदान देणाऱ्या फळापासून झाले.

३२/
लुईस यांच्या बेलफास्टच्या घरातही आजोबांनी स्वहस्ते केलेले एक नक्षीदार लाकडी कपाट होते. लहान जॅक त्यात बसून भावंडांना गोष्टी सांगत असे, अशी कुटुंबातली आठवण आहे. ते कपाट आज अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, व्हीटन महाविद्यालयाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे. ज्या घरात आई गेली, त्याच घरातून ते आले आहे.

३३/
नवा चित्रपट आयमॅक्सच्या प्रचंड पडद्यावरही दाखवण्याचे जाहीर झाले आहे. गाण्यातून जग जन्मते तो प्रसंग त्या पडद्यावर भव्य दिसेल, यात शंका नाही. सिंहाच्या आयाळीचा प्रश्न तंत्रज्ञानाने २००५ मध्येच सोडवला. न सुटलेला प्रश्न लहान आहे: बागेत हातात फळ घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबेल? आईच्या खोलीतली शांतता तशीच राहील का? चित्रपट पाहताना एवढे दोन प्रसंग नीट पाहावेत. बेलफास्टच्या त्या मुलाने सत्तेचाळीस वर्षे जपलेले जे काही होते, ते तेथे आहे.

(समाप्त)

#इतिहास #नार्निया #बालसाहित्य #चित्रपटाचाइतिहास